ताता बेनिग्नो हसेनात

ज्या कॅमेऱ्याला वजन नाही त्याला लाज नसते, आणि लाज नसलेल्या वस्तूने मेलेल्या माणसाचा फोटो काढू नये, असं माझं मत होतं. अजूनही आहे. माझा पहिला पेटीचा कॅमेरा तिपाईसकट उचलला की कंबरेतून आवाज यायचा, आणि त्या आवाजानेच गिऱ्हाईक सरळ उभं राहायचं. पुढे रिळाचा घेतला, तोही चांगला विटेएवढा. दोनदा त्याने चोराचं डोकं फोडलंय. त्यातला एकजण चोर नव्हता, पण ते नंतर कळलं.

मग एका ऑक्टोबरात ला पाझमधलं, माझ्या माहितीतलं रीळ धुऊन देणारं शेवटचं दुकान बंद झालं. शटरवर कागद चिकटवलेला: ‘आता येथे चपला मिळतील.’ दफनभूमीच्या दारात एकेचाळीस वर्षं फोटो काढलेला मी, निकासियो कालिसाया, त्या कागदापुढे इतका वेळ उभा राहिलो की आतल्या बाईने माझ्या पायाचं माप विचारलं.

आणि नकट्यांचा सण आठवड्यावर आला होता.

नकटी म्हणजे घरची कवटी, खऱ्या मेलेल्या माणसाची. नाक नसतं, म्हणून नकटी. ती घर राखते, चोराचं नाव सांगते, मुलगी सासरी खरंच सुखात आहे का ते स्वप्नात येऊन कळवते. आठ नोव्हेंबरला तिला फुलांचा मुकुट घालून दफनभूमीत आणायचं, बँड ऐकवायचा, दातांत सिगारेट द्यायची आणि दारात माझ्याकडून फोटो काढून घ्यायचा. माझ्या वडिलांच्या काळापासून हे असंच चालत आलंय.

त्या वर्षी दोन्या कासिमीरा तार्की, दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब, स्वतः माझ्या घरी आली. बाजारात चुनो विकते ती. चुनो म्हणजे बर्फात गोठवून वाळवलेला आमचा काळा बटाटा. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात एकटे ताता बेनिग्नो. ताता म्हणजे आजोबा, आणि ताता बेनिग्नो म्हणजे तिची कवटी. चुनोवाल्या बायकांच्या संघात सणाचं यजमानपद मिळावं म्हणून ती अकरा वर्षं रांगेत होती, आणि यंदा तिची पाळी होती. मावळत्या यजमानिणीने सणाच्या दिवशी, सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर जरीचा पट्टा चढवायचा, की झालं.

“मास्तर,” तिने टोपी नीट केली. ती टोपी इतकी सरळ बसायची की तिच्यावर अंडं उभं राहिलं असतं. “सत्तावीस वर्षं तुम्हीच आमचे फोटो काढलेत. यंदाचा पट्ट्यासकट हवाय. पुढच्या सणाच्या जेवणाच्या पत्रिकेवर छापायचाय. मी आणि ताता.”

“काढू की.”

“चुकलात तर तुम्ही मेल्यावर तुमची कवटी मी घरात ठेवून घेणार नाही. सांगून ठेवते.”

एवढं ऐकल्यावर माणूस काय करणार? दुसऱ्या दिवशी मी विजेच्या मालाच्या गल्लीत उतरलो.

तिथे एका खोक्याएवढ्या दुकानात जोवाना नावाची पोरगी च्युइंगम चघळत बसली होती. तिने काचेवर पाच-सहा कॅमेरे मांडले. रुपेरी, काळा, लाल, गुलाबी. मला वाटलं साबणं आहेत. एक उचलला तर हात वर गेला, इतका तो हलका. खटका दाबल्यावर त्याचं भिंग गोगलगाईसारखं पुळकन बाहेर आलं.

“डोळा कुठे लावायचा?” मी विचारलं.

“डोळा नाही लावत, ताता. मागे पडदा आहे, त्यात बघायचं. असा लांब धरून.”

“ओलं दुपटं धरतात तसा?”

“अगदी तसाच.” पोरीला राग म्हणून येईना. “हा बारा मेगापिक्सेल. तो दहा.”

“आणि तो गुलाबी?”

“तोही दहा. पण गुलाबी.”

पोरगी प्रामाणिक होती, हे कबूल करतो. दहा काय नि बारा काय, हाताएवढ्या फोटोत फरक दिसत नाही, असं तिनेच सांगितलं. झूम विचारलं तर म्हणाली, “भिंगाचं तीनपट आहे तेवढंच खरं. पुढचं तो नुसतं चित्र कापून फुगवतो, बिअरच्या फेसासारखं.” सगळे कॅमेरे मी तिच्यावरच चालवून पाहिले. खटका दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत एकाने इतका वेळ घेतला की मधल्या वेळात तिने फुगा फुगवून फोडला, आणि फोटोत आला तो तिच्या नाकाला चिकटलेला चिकट गोळा. दुसऱ्याला स्वतःची वेगळी बॅटरी लागायची, म्हणजे ती संपली की घरी जाऊन भिंतीला लावा. शेवटी मी रुपेरी घेतला. त्यात पेन्सिल सेल चालत होते, आणि पेन्सिल सेल दफनभूमीच्या दारात मेणबत्त्यांशेजारीच मिळतात. एवढाच त्याचा गुण.

“आणि ही बघा गंमत.” जोवानाने मागे काहीतरी दाबलं. “आता एकदा खटका दाबलात की तो वाट बघत बसतो. समोरचा हसला, दात दिसले, की आपोआप फोटो काढतो. तुम्ही फक्त धरायचा.”

ती हसली. यंत्राने पीं केलं. फोटो निघाला.

“आणि समोरचा नाहीच हसला तर?”

“हसतात हो, ताता! फोटो आहे, दफन थोडंच आहे?”

मी कुठे फोटो काढतो हे मी तिला सांगितलं नाही. आमच्यात फोटोत हसतो तो एक दारुडा, नाहीतर निवडणुकीचा उमेदवार. भल्या माणसाने फोटोत तोंड मिटून, समोर कोणीतरी आपल्याला फसवायला आलंय अशा नजरेने बघायचं असतं.

घरी येऊन यंत्र तपासलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बाई पिठाची गोण मिठीत घेऊन हसत होती. खटका दाबला आणि त्या बयेचे एकोणतीस फोटो निघाले. मी थांबवत होतो, ते थांबत नव्हतं. सेल काढले तेव्हा गप्प बसलं. चालतंय तर खरं, असं म्हणून मी निजलो. इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

आठ तारखेला सकाळी ऊन असं होतं की टक्कल पडलेल्या माणसाने टोपी काढली तर वास सुटावा. पडद्यावर काही म्हणता काही दिसेना; नुसता माझाच सुरकुतलेला चेहरा उमटायचा, आणि तो बघायला मी दारात उभा नव्हतो. मग मी पेटीच्या काळातलं काळं फडकं आणलं, डोक्यावरून घेतलं, आणि आत बिस्किटाच्या पुड्याएवढं ते यंत्र धरून उभा राहिलो. मेणबत्तीवाल्या बायका इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली.

“मास्तर, आत काय भाजताय?”

“तुझ्या नवऱ्याची लाज! सापडली तर देतो!”

पहिलं गिऱ्हाईक ट्यूबा वाजवणारा एउलोखियो. गडी बैलासारखा, आणि मांडीवर त्याची नकटी, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. मी आधी फक्त एउलोखियोचा चेहरा घेतला, खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. तो दगडासारखा बसलेला, यंत्रही दगडासारखं. मी चार शिव्या दिल्या आणि यंत्र जरा खाली झुकवलं, तर कवटी चौकटीत आली मात्र, पीं! पीं! पीं! सहा फोटो. वर पडद्यावर तक्रार: कोणीतरी डोळे मिटले आहेत. डोळे! तिथे कापसाचे बोळे होते!

मी फडक्यातून डोकं बाहेर काढलं. एउलोखियोचा चेहरा पांढरा पडला होता.

“मास्तर, मी हललो नाही. तुमचं बोटही मला दिसत होतं, ते वर होतं. मग फोटो काढला कोणी?”

आता खरं सांगायचं, तर इथे ‘यंत्र मूर्ख आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून त्या बायका हसत होत्या, आणि समोर बैलाएवढा माणूस थरथरत होता. माझी जीभ वळवळली.

“त्यांनीच काढला,” मी कवटीकडे बोट केलं. “नवं यंत्र आहे. मेलेला माणूस घरच्यांवर राजी असला की हसतो, आणि हसला की यंत्राला कळतं.”

एउलोखियो रडायला लागला. बैल रडतो तसा, मोठ्याने.

दुपारपर्यंत माझ्यापुढची रांग दफनभूमीला वळसा घालून फुलबाजारात शिरली. असं म्हणतात की शेवटचा माणूस दुसऱ्या दिवशी पोचला. मी एवढंच सांगेन की तो पोचला तेव्हा त्याची फुलं सुकली होती. जो तो आपली नकटी पुढे करी. “विचारा मास्तर, राजी आहे का?” पीं. “राजी!” आणि मिठ्या, आणि बिअर, आणि माझ्या अंगावर पाकळ्या. एकेचाळीस वर्षं मी उजेड मोजला, सावली जुळवली, बायकांच्या टोप्या सरळ केल्या, कोणी कधी पाकळी टाकली नाही. आणि या प्लॅस्टिकच्या किड्याने दात मोजले तर लोक त्याला नमस्कार करत होते. फडक्याखाली माझाच घाम, माझाच श्वास, वर ती पीं पीं.

प्रार्थना आटोपली आणि चुनोवाल्या बायका आल्या. पुढे कासिमीरा, नवा मखमली घागरा, शाल, हातात काचेच्या पेटीत ताता बेनिग्नो. मागे मावळती यजमानीण दोन्या प्रिमितीवा, हातावर जरीचा पट्टा. या प्रिमितीवाला पट्टा अजून एक वर्ष आपल्याकडे राहिला तर हवा होता, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं.

रीत अशी की मावळतीने विचारायचं, “राजी आहेत का?” आणि सगळ्यांनी ओरडायचं, “राजी!” की पट्टा चढला. शंभर वर्षांत कोणी थांबून उत्तराची वाट पाहिलेली नाही.

“राजी आहेत का ताता बेनिग्नो?” प्रिमितीवाने विचारलं.

कोणी ओरडलं नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“हो ना, मास्तरांच्या यंत्रालाच विचारू,” प्रिमितीवा गोड आवाजात म्हणाली.

मी यंत्र पाठीमागे नेलं. कारण ताता बेनिग्नोंना मी सत्तावीस वर्षं ओळखत होतो. त्यांच्या तोंडाचं साफ बोळकं होतं. दात मरण्याआधीच गेले असतील, पण आता औषधालाही एक नव्हता.

फडक्यात शिरलो. खटका दाबला. यंत्राने तातांच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आखली आणि वाट बघू लागलं. मीही बघू लागलो. बाहेर बँड थांबला. मेणबत्तीवालीची उचकीही थांबली.

“सेल संपले असतील,” मी आतूनच म्हणालो.

प्रिमितीवाने स्वतः जाऊन नवे सेल आणले. घातले. काही नाही.

“रुसलेत,” कोणीतरी पुटपुटलं.

“काहीतरी केलं असेल हिने. उगीच नाही रुसत.”

मी फडकं फेकून दिलं. “कासिमीरा, ऐक. सगळे ऐका. हे यंत्र गाढव आहे. ते मन बघत नाही, दात बघतं. ज्याला दात नाहीत त्याला ते हसरा समजतच नाही.”

“सकाळी म्हणालात, मेलेले राजी असले की हसतात,” प्रिमितीवा म्हणाली. “आता म्हणता गाढव आहे. सकाळचे मास्तर खरे की दुपारचे?”

बायका हसल्या. एउलोखियोने ट्यूबा मिठीत घेऊन माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या नकटीलाच खोटं ठरवतोय. शंभरेक माणसं सकाळपासून राजी झालेली. त्यांना आता गाढव कोणाला हवं होतं?

अकरा वर्षं. कासिमीरा पट्ट्याकडे बघत होती, आणि प्रिमितीवा तो पट्टा सावकाश, घडी मोडू न देता, पुन्हा हातावर गुंडाळत होती.

मग कासिमीराने सगळ्यांकडे पाठ केली. शाल तोंडावर ओढली. चिखलातून बूट उपसावा तसा आवाज आला.

ती वळली तेव्हा तिच्या तळहातावर तिची वरची कवळी होती. पुढच्या दोन दातांना सोनं, एकावर चांदणी कोरलेली. बाजारात ती हसली की दुरून चमकायची. ते दात आम्हाला तिचेच, खरे वाटायचे, सगळ्यांना. त्यावरून हिरवी लाळ ठिबकत होती, कारण सकाळपासून ती कोकाची पानं चघळत होती. गालातला तो चघळलेला हिरवा गोळा तिने बोटाने काढला, कवळीला आतून लिंपला, आणि ताता बेनिग्नोंच्या बोळक्यात ती कवळी दाबून बसवली. अंगठ्याने, दोन्ही बाजूंनी, शेतातला बटाटा दाबावा तशी.

माझ्या घशाशी आलं. पण यंत्राच्या नाही आलं.

पीं! पीं! पीं! पीं!

अकरा फोटो. लोकांनी आरोळी ठोकली, बँड एकदम तीन वेगवेगळ्या गाण्यांवर सुटला, कोणीतरी तातांवर बिअर शिंपडली. प्रिमितीवाला पट्टा चढवावाच लागला. चढवला, अगदी गाठ मारून. मग कासिमीराने कवळीकडे हात नेला.

प्रिमितीवाने तिचं मनगट धरलं.

“परत घेतेस?” ती हळूच म्हणाली, पण असं हळू, की पलीकडच्या थडग्यातही ऐकू जावं. “चारचौघांत नकटीला दिलेलं?”

हे मात्र खरं आहे, माझी थाप नाही. नकटीला दिलेली वस्तू परत घेतली तर ती वर्षाच्या आत घर सोडते. टोपी असो, सिगारेट असो.

कासिमीराचा हात हवेत राहिला. मग तिने कवळी जराशी आत सारली.

“घेतंय कोण? नीट बशवत होते,” ती बोळक्याने म्हणाली.

तो पत्रिकेचा फोटो मी काढला. ताता बेनिग्नो सोन्याने झगमगताहेत, शेजारी कासिमीरा जरीचा पट्टा घालून, ओठ आत गेलेले, थडग्यासारखी गंभीर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा फोटो, आणि सगळ्यात जास्त प्रती निघाल्या त्याच्याच.

दोन दिवसांनी मी जोवानाकडे गेलो. तिने मागचं एक बटण दाबलं आणि ती हसण्याची भानगड बंद झाली. एक बटण! त्यावर हसऱ्या तोंडाचं चित्रसुद्धा होतं. मला वाटलं होतं कंपनीची खूण असेल.

मन खायला लागलं म्हणून कासिमीराकडे जाऊन सांगितलं. ती वाडग्यातून सूप भुरकत होती.

“एका बटणाने बंद होत होतं?”

“हो.”

“आणि मेलेल्यांचं ते?”

“ते मी असंच बोललो.”

तिने वाडगा खाली ठेवला. “माश्तर,” ती म्हणाली, “हे बाहेर बोललात तर तुमचे आहेत ते शात दात मी ताताच्या खालच्या बाजूला लावीन.”

“नवी कवळी कर, कासिमीरा. हवं तर मी...”

“नवी केली तर मी दिली कुठे? जुनी टाकली, अशंच म्हणेल ती प्रिमितीवा. शण होऊ दे. मग बघू.”

तर वर्षभर ती तशीच राहिली. बाजारात लोक मान देत होते, ती सूप पीत होती. पुढच्या नोव्हेंबरात तिच्या अंगणात दोनशे पानं बसली. डुकराचं मांस भट्टीत भाजलेलं, वर तांबूस कडक कातडी, चुनोचे डोंगर. मधोमध ताता बेनिग्नो, तिची कवळी घालून. आमच्या संघात रीत आहे की यजमानाने पहिला घास सगळ्यांदेखत चावायचा, त्याशिवाय कोणी चमचा उचलायचा नाही. मांस कच्चं नाही, शिळं नाही, याची ती ग्वाही. प्रिमितीवाने मुद्दाम उठून यजमानिणीचं ताट वाढलं. कातडीचा तुकडा असा निवडला की त्याने बुटाला तळ लागला असता.

“चावा, यजमानीणबाई. लोक उपाशी आहेत.”

दोनशे माणसं बघत होती. कासिमीरा उठली. तिने ताता बेनिग्नोंना दोन्ही हातांनी पेटीतून उचललं, ताटावर आणलं, आणि तिचे दात त्या कातडीवर टेकवून, टपालवाला शिक्का मारतो तसं अंगाचा सगळा भार देऊन दाबलं. करकन आवाज झाला. मग तातांना बाजूला ठेवून तिने ताट उचललं आणि एकेकाच्या नाकासमोर फिरवलं. चरबीत दातांची पूर्ण कमान उमटली होती. मधोमध चांदणी.

“दात कोणाचे?” तिने प्रिमितीवाला विचारलं.

“तुझे,” तिला म्हणावंच लागलं.

“घाश चावला?”

“चावला.”

अंगणभर चमचे वाजले. मी कॅमेरा पोटाशी धरून भिंतीला टेकलो होतो. सुटलो एकदाचा, असं वाटत होतं. पण ताट फिरत फिरत माझ्यापुढे येऊन थांबलं. यजमानाने चावलेला पहिला घास मानाचा. तो ज्याला देतील त्याने खायचा, आणि नको म्हणायची सोय नाही.

“हा मान तुमचा, माश्तर,” कासिमीरा म्हणाली. “तुमच्यामुळेच ना शगळं?”

तुकड्याच्या कडेला कोकाच्या पानाची एक हिरवी काडी चिकटली होती. मी ती काढायला बोट पुढे केलं.

“अशू दे. शगळं खा,” ती म्हणाली.

मी तोंडात घातलं. कातडी फार चिवट होती. सगळं अंगण खाऊन उठलं, बँड दोन गाणी वाजवून पाणी प्यायला गेला, तरी ती समोर खुर्ची टाकून बसलेलीच, आणि मी चावतच होतो.